अजगराचं कार्तिकस्नान

माणसांच्या डॉक्टरला लोक लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवतात. आम्हा गुरांच्या डॉक्टरांना जेवणं झाल्यावर मांडवाच्या कडेला गाठतात आणि हळूच विचारतात, म्हैस दूध कमी का देते. माझी सगळी नोकरी सरकारी पशुचिकित्सालयात गेली, त्यातली बहुतेक उज्जैनला, आणि या मांडवाच्या कडेच्या प्रॅक्टिसची मला सवय झाली. तिचा राग कधी आला नाही. म्हैस खरंच दूध कमी देत असते आणि विचारणाऱ्याचं घर तिच्यावर चालत असतं.

आमचा धंदा थोडक्यात सांगायचा तर पेशंट बोलत नाही आणि मालक फार बोलतो. मालकाचं सगळं ऐकून घ्यायचं, पण विश्वास पेशंटच्या शेणावर ठेवायचा, असं माझ्या पहिल्या साहेबांनी मला शिकवलं होतं. या एका वाक्यावर मी कितीतरी बैल उभे केले. मालक शपथेवर सांगायचा की बैलानं वैरणीशिवाय काही खाल्लेलं नाही, आणि शेणात प्लॅस्टिकच्या पिशव्या निघायच्या.

नव्वदनंतरची वर्षं आमच्या दवाखान्यात कुत्र्यांची वर्षं ठरली. त्याआधी उज्जैनात कुत्रा हा गल्लीचा असे, घराचा नसे. मग घरोघरी केबल आली, नानाखेड्याच्या बाजूला नव्या कॉलन्या झाल्या, आणि त्या कॉलन्यांत पांढरे पॉमेरेनियन आले. एका बाईंना आपल्या पॉमेरेनियनलाही एकादशी घडावी असं वाटे. साबुदाण्याची खिचडी खाऊन तो ढोलासारखा फुगून माझ्या टेबलावर यायचा. टॉवर चौकातल्या एका मिठाईवाल्याचा कुत्रा मावाबाटीशिवाय कशाला तोंड लावत नसे. त्याच्या मालकाला मी रागावलो तर तो म्हणाला, साब, हम भी तो वही खाते हैं. मालकाकडे बघितल्यावर मी पुढं बोललो नाही.

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं की अंकासाठी काही गमतीचं द्या, गाढवांच्या मेळ्यावर द्या. कार्तिकी एकादशीच्या सुमाराला क्षिप्रेच्या काठी गाढवांचा बाजार भरतो. कुंभार आणि वीटभट्टीवाले लांबून येतात, गाढवांच्या पाठीवर गुलाबी रंगानं सिनेनटांची नावं लिहिलेली असतात, आणि तिथं एका टेबलामागे, लशींची बर्फपेटी पायाशी घेऊन, सरकारतर्फे मी बसत असे. त्यावर लिहायलाच मी बसलो होतो. पण गाढवांचा बाजार आठवला की त्याला लागून उभारला जाणारा कार्तिक मेळा आठवतो, मेळा आठवला की त्याच्या टोकाचा तंबू, आणि मग गमतीचं काही सुचत नाही. तेव्हा जे आठवतं तेच लिहितो. संपादकांनी वाटल्यास छापू नये.

त्या तंबूच्या पडद्यावर एक बाई रंगवलेली असे, कमरेखाली साप. भोंग्यावरून एक माणूस ओरडत असे की ही शापित नागकन्या आहे, प्रश्न विचारा, उत्तर देईल. आत आरसे लावलेलं एक टेबल असतं. आरशांमागे बाई बसते, टेबलावर तिचं फक्त डोकं दिसतं आणि डोक्याभोवती कापडाचं वेटोळं रचून ठेवलेलं असतं. ते कापड ओळखू येऊ नये म्हणून मानेशी एक खरा, जिवंत अजगर ठेवतात. बघणाऱ्याची नजर त्याच्यावरून हलत नाही. सभ्य घरातले लोक त्या तंबूसमोरून मान दुसरीकडे वळवून जात. कॉलेजात असताना मी मित्रांबरोबर आत जाऊन आलो होतो. मान वळवणाऱ्यांतले पुष्कळजण जाऊन आलेले होते.

माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून इकडे आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर आईनं कार्तिकस्नान धरलं. कोजागिरीपासून रोज पहाटे ती ऑटोनं रामघाटावर जायची, बुडी मारायची, दिवा सोडायची आणि दिवस उजाडता परत यायची. गुडघे दुखत, रात्री ती गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत बसे, पण बुडी चुकवत नसे. नव्वदनंतरच्याच एका वर्षी, दिवाळीच्या आधी, ती एकदा घाटावरून आली ती एकटी आली नाही.

मी पुढच्या ओट्यावर सबनीसांबरोबर चहा घेत होतो. सबनीस आमचे शेजारी आणि आमच्या मराठी मंडळाचे सचिव. त्यांना सकाळी कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत फ्रीगंजातल्या सगळ्या मराठी घरांत पोचलेली असे. ऑटोतून आई उतरली, ओले केस, हातात तांब्या. तिच्यामागून चाळिशीतली एक बाई उतरली आणि तिनं गोधडीत गुंडाळलेली एक मोठी टोपली जपून खाली घेतली. आई म्हणाली, "अरू, ही सरजू. घाटावर ओळख झाली. हिचा अजगर बीमार आहे, जरा बघून घे." एखाद्याच्या पोराला ताप आला असावा तसं तिनं ते सांगितलं.

सबनीसांनी कप खाली ठेवला आणि बाई कुठल्या म्हणून चौकशी केली. सरजूनं सरळ सांगितलं, मेळ्यासाठी आलो आहोत बाबूजी, नागकन्येचा तंबू आमचा. लपवायचं काही आहे हे तिच्या मनातच नव्हतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. सबनीस उठले, मला म्हणाले, चालू द्या तुमचं, आणि फाटकापाशी जाऊन एकदा वळून हसले. मी आईकडे न बघता सरजूला म्हणालो, "पीछे से आ जाओ." घरामागं बोळ आहे. तिथून परसात यायला दार आहे, आणि त्या दारानं भांडीवाली सोडून कोणी येत नसे.

परसात कपडे धुण्याच्या दगडाशेजारी तिनं टोपली उघडली. आत भोला होता. शिसवी ठिपक्यांचा, मांडीएवढा जाड, अंगानं देखणा. पण त्याचं तोंड किंचित उघडं होतं, डोकं वर उचललेलं होतं, आणि प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. नाकपुड्यांवर बुडबुडे. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून मी तोंड उघडलं तर आत चिकट लाळेच्या तारा. छातीत कफ भरला होता, हे कळायला सर्पतज्ज्ञ असायची गरज नव्हती. बरं झालं, कारण आमच्या अभ्यासक्रमात साप आला होता तो 'सर्पदंश' या एकाच धड्यात, आणि त्यातही पेशंट गाय होती.

त्याला थंडी कुठं लागली, असं मी विचारलं. सरजू म्हणाली की थंडीचं काही नाही, सकाळच्या अंघोळीशिवाय तो तंबूबाहेर जात नाही. मी विचारलं, कसली अंघोळ? "नदी में, डॉक्टर साब. रोज डुबकी लगवाती हूँ, अँधेरे में. कार्तिक है ना."

आई दगडावर बसली. तिचा चेहरा उतरला. मग तिनं तिच्या त्या सातारी हिंदीत, एक शब्द न गिळता सांगितलं, "बेटी, मेरी गलती है. मैंने ही बोला था तुमको, इसको भी नहलाओ, इसको भी पुण्य लगेगा." आणि वाकून तिनं भोलाच्या डोक्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. सरजू म्हणत राहिली, नहीं माँजी, आपने तो भला ही सोचा. आईनं ऐकलं नाही. आत गेली आणि आपली गुडघ्यांची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरून घेऊन आली. ती पिशवी त्या दिवसापासून अजगराची झाली आणि आई उरलेला कार्तिक गुडघे धरून बसली.

हे कार्तिकस्नान सापाला का बाधलं ते सांगतो. आपल्या अंगात चूल पेटलेली असते, थंडीत ती जास्त जळते. सापाच्या अंगात चूल नाही. बाहेर जेवढी ऊब तेवढी आत. पहाटेच्या क्षिप्रेत त्याला रोज बुडवलं की त्याचं सगळं शरीर गारठून पडतं, रोगाशी झगडणारं रक्तसुद्धा. आणि एकदा छातीत कफ झाला की तो निघायला वाट नाही, कारण सापाला खोकता येत नाही. हे मला तरी कुठं ठाऊक होतं? इंदूरला माझा एक वर्गमित्र होता, त्याला प्राणिसंग्रहालयातल्या कामाचा अनुभव होता. टॉवर चौकातल्या एसटीडी बूथमध्ये शिरून, काचेचं दार नीट लावून घेऊन मी त्याला फोन केला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, आधी ऊब, मग औषध. थंड सापाला दिलेलं इंजेक्शन वाया जातं. सुई डोक्याकडच्या भागात टोच, शेपटीकडे टोचलंस तर औषध छातीत पोचायच्या आधी मूत्रपिंडातून निघून जाईल. तीन दिवसांनी एकदा दे, सापाला घाई नसते. आणि कफ निघायला त्याला थोडा वेळ डोकं खाली करून धर.

भोला जगण्यावर काय अवलंबून होतं, ते सरजूनं त्याच सकाळी सांगून टाकलं होतं. तिच्या नवऱ्यानं तो पिल्लू असताना आणला होता, नवरा गेला, भोला राहिला. ती ज्या तंबूकंपनीबरोबर फिरायची तिचा मालक मोठा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन आला होता. त्याचं म्हणणं, आता नागकन्या कोण बघतो, त्या जागेवर व्हिडिओ लावू. पौर्णिमेला मेळा उघडतो, तोवर अजगर गळ्यात दिसला तर ठीक, नाहीतर टेबल-आरसे विकून टाकायचे. मग हिला ठेवायचं कशाला? ती रडली वगैरे नाही. "मुझको और कुछ आता नहीं," एवढंच म्हणाली.

मी औषध द्यायचं कबूल केलं आणि नियम घालून दिले. नदी बंद. तंबूत तो ज्या पत्र्याच्या ट्रंकेत झोपतो तिच्यात एक बल्ब लटकवायचा आणि तो विझू द्यायचा नाही. येताना टोपलीत गरम पिशवी ठेवायची. दिवेलागणीनंतर यायचं, मागच्या बोळातून. दार वाजवायचं नाही. घरात कोणी आलेलं असेल तर परसात थांबायचं, मी बाहेर येईपर्यंत. कारण विचारलं नव्हतं तरी मी दिलं. कायद्यानं अजगर पाळता येत नाही, मी सरकारी नोकर, कोणी वनखात्याला सांगितलं तर भोलाला घेऊन जातील आणि मलाही विचारतील. यातला शब्द न् शब्द खरा होता. पण मी घाबरत होतो तो वनखात्याला नाही, सबनीसांना.

पुढचे दिवस परसात मजेचे गेले, हेही सांगायला हवं. भोलाला डोकं खाली करून धरायला तीन माणसं लागत. डोक्याशी सरजू, मध्ये मी, शेपटीकडे आई, पदर खोचून. माझी बायको स्वयंपाकघराचं दार लावून आत उभी राही आणि फटीतून गरम पाणी देई; पूर्ण दार तिनं एकदाही उघडलं नाही. कफाच्या तारा बाहेर आल्या की आई त्या जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची आणि भोलाला म्हणायची, थुंक बाबा, थुंक, लाजू नकोस. पहिल्या दोन सुया झाल्या तरी शिट्टी काही कमी होईना. मी धास्तावलो. मात्रा वाढवावी का, म्हणून पुन्हा बूथवर गेलो. मित्र म्हणाला, वाढवू नकोस, ऊब तपास. चौकशी केली तर मालक दुपारी जनरेटर बंद करायचा आणि ट्रंकेतला बल्ब विझायचा. तेव्हापासून सरजू दुपारभर वीट तापवून, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवू लागली. पुढच्या खेपेला शिट्टी हलकी झाली होती. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो नोकरीत फार थोड्या वेळा झाला असेल.

तो आनंद मी कोणाला सांगितला नाही. मंडळाच्या बैठकीत सबनीस सगळ्यांसमोर म्हणाले, डॉक्टरांची हल्ली नागकन्येकडे व्हिजिट असते. लोक हसले. मीही हसलो आणि म्हणालो, आईचं खूळ आहे हो, वय झालंय तिचं. ते सगळ्यांना पटलं. आई तेव्हा घरी अजगरासाठी पाणी तापवत होती.

मग गाढवांचा बाजार भरला. एका दुपारी मी टेबलाशी होतो, माझे साहेब तपासणीला आले होते, दोन-चार मराठी मंडळीही सहज बाजार बघायला आली होती. गर्दीतून सरजू येताना दिसली. भोलानं आदल्या दिवशी कोंबडीचं पिल्लू खाल्लं होतं, आजारानंतर पहिल्यांदाच, ते सांगायला ती एवढं मैदान तुडवत आली होती. तिनं हात वर केला. मी जवळच्या गाढवाचं तोंड धरलं आणि त्याचे दात बघू लागलो. त्या गाढवाला लस टोचून झाली होती, दात बघायचं काही कारण नव्हतं. कुंभार माझ्याकडे बघत राहिला. मी डोकं वर काढलं तोवर ती टेबलासमोरून पुढं गेली होती, मान दुसरीकडे वळवून. त्यानंतर बाजारात ती मला दिसली नाही. परसात मात्र वेळेवर आली, पिल्लू खाल्ल्याचं सांगितलं, आणि दुपारचा विषय तिनं काढला नाही.

शेवटची सुई मेळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी होती. त्या दिवशी वैकुंठ चतुर्दशी, आणि आमच्याकडे तुळशीचं लग्न. आमच्या घरचं तुळशीचं लग्न मोठं असतं, वडिलांपासूनचं. पुढच्या ओट्यावर ऊस बांधले होते, दिव्याची माळ लावली होती. मंडळाचे लोक सहकुटुंब आले होते, सबनीस होते, माझे साहेब आणि त्यांची बायकोही आली होती. मंगलाष्टकं सबनीसांनीच म्हटली, त्यांचा आवाज चांगला आहे. अक्षता टाकताना मला सुईची आठवण झाली. मग वाटलं, एवढे दिवे आणि माणसं बघून ती परत गेली असेल, उद्या सकाळी देता येईल. असं वाटणं सोयीचं होतं म्हणून मी उठून बघितलं नाही.

चुरमुरे, बत्तासे, उसाचे करवे वाटून झाले. लोक जायला पाहिजे होते, पण त्या रात्री शहरात हरिहराची भेट असते, शंकराची पालखी मध्यरात्री विष्णूच्या देवळात जाते, सगळ्यांना तिकडेच जायचं होतं आणि वेळ होता. म्हणून बसले. साहेबांना कॉफी हवी झाली. सबनीसांनी भजन धरलं. त्या वर्षीची पहिली बोचरी थंडी त्या संध्याकाळी पडली, बायकांनी शाली ओढून घेतल्या. मध्येच आईनं येऊन हळूच विचारलं, सरजू आली नाही का? मी म्हणालो, नाही. बघितलंस का, असं तिनं विचारलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता.

पाहुणे उठले, फाटकापर्यंत त्यांना पोचवून मी आत आलो, आणि मागचं दार उघडलं. धुण्याच्या दगडाला टेकून सरजू जमिनीवर बसली होती. शेजारी टोपली, रिकामी. मी म्हणालो, "भोला?"

तिनं अंगावरची गोधडी थोडी बाजूला केली. गोधडीच्या आत शाल, शालीच्या आत पदर, आणि पदराच्या आत भोला तिच्या पोटाला वेढे घालून होता. सगळं पांघरूण त्याच्याकडे ओढलेलं होतं. तिचे हात उघडे होते, दात वाजत होते, ओठ काळेनिळे पडले होते. मंगलाष्टकं चालू असतानाच ती आली होती. नियमाप्रमाणे थांबली होती. पिशवी कधीच गार पडली, तेव्हा तिनं त्याला टोपलीतून काढून अंगाशी घेतलं होतं. बोळातून परत जायलाही तिला भीती वाटली, वाऱ्यावर निघालं तर त्याला थंडी लागेल म्हणून.

लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला त्या दगडापाशी कळलं. सरजूला वाटलं मी अजगराच्या काळजीत आहे. निदान तसं ती म्हणाली. "इसको ठंड नहीं लगी डॉक्टर साब, आप फिकर मत करो. सुन लो, साँस साफ है."

मी वाकलो आणि ऐकलं, कारण तिच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. शिट्टी नव्हती. नाकपुड्या कोरड्या, तोंड मिटलेलं. ती बोलताना थरथरत होती आणि तिच्या पोटावरचा साप शेकोटीजवळ बसल्यासारखा निवांत होता. मी सुई दिली. भोला बरा झाला होता. दुसऱ्या दिवशी पौर्णिमेला तंबू उघडला तेव्हा तो तिच्या गळ्यात होता, हे आईनं स्वतः तिकीट काढून आत जाऊन पाहिलं. मी गेलो नाही. पण त्या संध्याकाळचं थोडं सांगायचं राहिलं.

मी सुई काढत होतो तेवढ्यात आई प्रसादाचं ताट घेऊन मागं आली, मला हाक मारायला. तिनं सरजूला जमिनीवर बसलेलं पाहिलं. तिचे हात पाहिले. ताट दगडावर ठेवून तिनं तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि मला विचारलं, "अरू, हिला इथं ठंडीत कोणी बसवलं?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते मला आजही ठाऊक नाही. सरजू माझ्या आधी बोलली.

"मैं ही बैठी, माँजी. भीड़ में भोला घबराता है."

भोला पिल्लू असल्यापासून जत्रेत वाढला होता. रोज संध्याकाळी भोंग्याच्या आवाजात, शेकडो माणसांच्या समोर, तो तिच्या गळ्यात पडून असायचा आणि कधी कधी झोपायचा. हे सरजूला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि रोज घाटावर तिच्या गोष्टी ऐकणाऱ्या आईलाही ठाऊक होतं. म्हणजे मला कशाची लाज वाटते हे सरजूला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. तरी आईसमोर तिनं माझी लाज राखली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "साप घाबरतात गर्दीला."

"तू डॉक्टर आहेस," आई म्हणाली, आणि सरजूला हाताला धरून उठवून, स्वयंपाकघरातून, देवघरावरून, पुढच्या ओट्याकडे घेऊन गेली.